तुम्ही विचारलंत म्हणून: टायटेनियमच्या शेजारची रिकामी जागा

"काकू, जी वस्तू बाटलीत टिकतच नाही, ती बनवायचीच कशाला?" आमच्या सोसायटीतल्या बारावीतल्या मुलीने गेल्या महिन्यात विचारलं. माझी पीएच.डी. झाली तेव्हा सासऱ्यांनी हेच विचारलं होतं. पुढे कॉलेजात दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी विचारतोच. दरवेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि घरी आल्यावर ते अपुरं वाटत राहतं. म्हणून आता सविस्तर.

माझं काम धनप्रभारित टायटेनियम संयुगांवर होतं. त्यातला सगळ्यात साधा रेणू असा: टायटेनियमच्या एका अणूला दोन बाजूंनी पाच-पाच कार्बनची कडी धरून असतात. ही दोन कडी एकमेकींना समांतर नसतात. अर्धवट उघडलेल्या शिंपल्याच्या झाकणांसारखी ती एका बाजूला फाकलेली असतात. त्या उघड्या तोंडाशी एक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) टायटेनियमला थेट चिकटलेला, आणि मिथिलच्या शेजारी काहीच नाही. रिकामी जागा. टायटेनियमभोवती 18 इलेक्ट्रॉन मावू शकतात, इथे आहेत 14. वर एक धन प्रभार. त्यामुळे समोर येईल त्याला हा अणू ओढून घेतो: हवेतली वाफ, ऑक्सिजन, ज्यात विरघळवला तो सॉल्व्हंट, काचेला चिकटलेली ओलसुद्धा. तो टिकत नाही तो या रिकाम्या जागेमुळे, आणि त्याची सगळी किंमतही तिच्यामुळेच आहे.

ही जागा कुणाला, का हवी होती हे कळायला थोडं मागे जावं लागेल. 1953 मध्ये जर्मनीत म्युलहाइमला कार्ल झिग्लर यांनी टायटेनियम टेट्राक्लोराइड आणि ॲल्युमिनियमचं एक अल्किल संयुग एकत्र केलं. त्यात साध्या दाबाला इथिलीन सोडलं की पॉलिथिन बनायला लागलं. पाठोपाठ इटलीत ज्युलिओ नट्टा यांनी प्रोपिलीनपासून शिस्तशीर रचनेचं पॉलिमर मिळवलं. 1963 चं नोबेल दोघांना मिळून गेलं. आज आपल्या नागोठण्यापासून जगभरच्या कारखान्यांत पॉलिथिन बनतं, त्यातला मोठा वाटा याच घराण्यातल्या उत्प्रेरकांचा. पण झिग्लर यांचा उत्प्रेरक म्हणजे न विरघळणारा काळपट गाळ. त्या गाळात नेमका कोणता अणू काम करतो, कसा करतो, हे दिसायला मार्ग नव्हता.

1957 मध्ये मिलानला नट्टांच्या गटाने आणि अमेरिकेत ब्रेस्लो आणि न्यूबर्ग यांनी विरघळणारी आवृत्ती शोधली. टायटॅनोसीन डायक्लोराइडचे (तीच दोन कडी, पण तोंडाशी दोन क्लोरिन) लाल स्फटिक आणि डायइथिल ॲल्युमिनियम क्लोराइड. आता गाळ नव्हता, स्वच्छ द्रावण होतं, आणि तेही इथिलीन जोडत होतं. मग वाद सुरू झाला. टायटेनियम आणि ॲल्युमिनियम क्लोरिनच्या पुलाने जोडलेले राहून काम करतात, की ॲल्युमिनियम क्लोरिन ओढून नेतो आणि मागे एकटा धन आयन उरतो? साठच्या दशकात सोव्हिएत रशियात शिलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा द्रावणातून वीज सोडून आयन कुठे सरकतात ते पाहिलं आणि धन आयनाच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सगळ्यात धाडसाचा विचार. पण आयन हातात आलेला नव्हता, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं शंका मिटली नाही.

ती मिटवली जॉन आयश यांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला, 1985 मध्ये. त्यांची युक्ती मी विद्यार्थ्यांना अजून फळ्यावर काढून दाखवते. इथिलीन दिलं तर ते एकामागून एक जोडलं जातं आणि पहिली पायरी कधी पकडताच येत नाही. आयश यांनी इथिलीनऐवजी एक अल्काइन (दोन कार्बनमध्ये तिहेरी बंध असलेला रेणू) दिलं, ज्याच्या एका टोकाला सिलिकॉनचा मोठा गट होता. ते टायटेनियम आणि मिथिलच्या मध्ये एकदाच शिरलं, आणि तयार झालेला गट इतका अवजड की पुढचा रेणू आत येईना. साखळी पहिल्याच कडीवर थांबली. स्फटिक मिळाले, क्ष-किरणांनी रचना मिळाली. टायटेनियमचा धन आयन एकीकडे, ॲल्युमिनियम टेट्राक्लोराइडचा ऋण आयन दुसरीकडे, मध्ये पूल नाही. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड जॉर्डन यांनी झिर्कोनियमचा (आवर्तसारणीत टायटेनियमच्या लगेच खालचा धातू) असाच धन आयन ॲल्युमिनियमचा कणही न वापरता इथिलीन जोडतो हे दाखवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नॉरिचला मानफ्रेड बोखमन टायटेनियमचे मिथिल धन आयन पद्धतशीर बनवत होते. माझं काम या शेवटच्या वाटेने गेलं.

आता प्रत्यक्ष बनवण्याबद्दल. लाल डायक्लोराइड घ्यायचं, थंड ठेवून मिथिल लिथियमने दोन्ही क्लोरिनच्या जागी मिथिल बसवायचे. नारंगी घन मिळतो, उजेड आणि उष्णता दोन्ही न सोसणारा. पुण्यातल्या जुलैत हे करायचं म्हणजे आदल्या रात्रीच सगळं काचसामान ओव्हनमध्ये, सकाळी गरम असतानाच श्लेंक लाइनवर (हवा काढून आर्गॉन भरायची काचेच्या नळ्यांची जोडणी), तीनदा निर्वात, तीनदा आर्गॉन. पहिल्या वर्षी मी एकदा फ्लास्कला फॉइल गुंडाळायला विसरले. खिडकीतून तासभर ऊन आलं, तेवढ्यात नारंगी द्रावण काळं पडलं. आठवड्याचं काम गेलं. त्या रात्री रडले, आणि त्यानंतर फॉइल कधी विसरले नाही.

या नारंगी संयुगात दोन मिथिल आहेत आणि आपल्याला एक काढायचा आहे. अमोनियमचं मीठ टाकलं तर त्यातला प्रोटॉन एका मिथिलला घेऊन मिथेन म्हणून उडून जातो. पण मागे उरलेला अमोनिया लगेच रिकाम्या जागेत बसतो. धन आयन मिळतो, चांगला टिकतोही, कारण जागा भरली. दुसरा रस्ता असा की एक मिथिल, एक क्लोरिन असलेलं संयुग घ्यायचं आणि नायट्रिलमध्ये (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध असलेल्या सॉल्व्हंटमध्ये) सोडियम टेट्राफिनाइलबोरेट घालायचं. सोडियम क्लोराइड खाली बसतं आणि नायट्रिलचा एक रेणू टायटेनियमला चिकटतो. हा पाहुणा मात्र नुसता बसून राहत नाही. हळूहळू मिथिल टायटेनियम सोडून नायट्रिलच्या कार्बनवर जातो, आणि टायटेनियम-कार्बन बंधाऐवजी टायटेनियम-नायट्रोजन बंध तयार होतो. इथिलीनची साखळी वाढते तेव्हाही हेच घडतं: पाहुणा रिकाम्या जागेत येतो, शेजारचा कार्बन त्याच्यावर सरकतो, आणि कार्बनने सोडलेली जागा पुन्हा रिकामी. नायट्रिलच्या बाबतीत हे इतकं सावकाश चालतं की मला ते तासातासाने मोजता आलं. वेगवान गोष्ट समजून घ्यायला तिची मंद बहीण पाहावी, हे मी तिथे शिकले.

मग ऋण आयनाचा प्रश्न. धन आयन एकटा कधीच मिळत नाही, त्याला ऋण सोबती लागतोच, आणि हा सोबती निवडण्यात माझी दोन वर्षं गेली. हेक्साफ्लोरोफॉस्फेट घ्या, टायटेनियम त्यातला फ्लोरिन ओढून घेऊ शकतो. टेट्राफिनाइलबोरेट घ्या, त्याची बेंझिनची कडी रिकाम्या जागेकडे झुकतात. खरी सुटका बोरॉनला पूर्ण फ्लोरिनयुक्त फिनाइल गट जोडले तेव्हा झाली. ट्रिस-पेंटाफ्लोरोफिनाइल बोरेन 1960 च्या दशकातच माहीत होतं, पण 1991 मध्ये टोबिन मार्क्स यांच्या गटाने ते झिर्कोनियमच्या मिथिलवर वापरलं आणि सगळं क्षेत्रच बदललं. हे बोरेन मिथिल ओढून घेतं, पण पूर्ण घेऊन जात नाही. तोच मिथिल दोघांच्या मध्ये सैल पुलासारखा राहतो, आणि इथिलीन आलं की बाजूला होतो.

पूल खरंच सैल झालाय का, हे फ्लोरिनच्या एनएमआरवर दिसतं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत वाचणाऱ्या यंत्रावर. त्या ऋण आयनात कड्यावरच्या दोन वेगळ्या जागांच्या, मेटा आणि पॅरा, फ्लोरिनच्या दोन शिखरांमधलं अंतर 3 पीपीएमच्या (एनएमआरच्या मोजपट्टीवरचं एकक) खाली असेल तर सोबती लांब आहे, वर असेल तर चिकटून बसलाय. इतक्या सोप्या मोजमापातून इतकी नाजूक गोष्ट कळते याचं मला अजूनही कौतुक वाटतं. नमुना उणे 40 अंशांना ठेवायचा, कारण खोलीच्या तापमानाला टायटेनियमचे हे आयन फार वेळ तग धरत नाहीत. झिर्कोनियमपेक्षा टायटेनियम फार सहज एक इलेक्ट्रॉन घेऊन खालच्या अवस्थेत उतरतो. द्रावण हिरवट झालं की समजायचं, दिवस संपला. याच कारणाने या प्रकारच्या उत्प्रेरकांत झिर्कोनियम पुढे गेला. पुढे एका कड्याच्या जागी नायट्रोजन आणून, दोघांना सिलिकॉनने बांधून टायटेनियमचे काटक उत्प्रेरक डाऊ आणि एक्सॉन या कंपन्यांनी आणले, तेव्हा मला आपल्या माणसाला न्याय मिळाल्यासारखं वाटलं.

आणि एक दुपार. उणे तापमानाचा नमुना, नळीत इथिलीन सोडलं आणि हळूहळू गरम होऊ दिलं. नारंगी-पिवळं द्रावण गढूळ झालं, मग पांढरे तंतू दिसायला लागले. मी नुसती बघत राहिले.

ती पांढरी पूड छोट्या बाटलीत माझ्याकडे अजून आहे. तीच मी त्या मुलीच्या हातावर ठेवली. तिने बोटांनी चोळून पाहिली आणि विचारलं, "मग टायटेनियम गेलं कुठे?"

ते याच पुडीत आहे, इतकं थोडं की डोळ्यांना दिसणार नाही. शेवटी फ्लास्क उघडला, ओलसर हवा लागली, आणि रिकाम्या जागेत ऑक्सिजन बसला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत, इल्मेनाइटमध्ये, टायटेनियम असंच ऑक्सिजनला धरून असतं.