काहीच दिसलं नाही, हेही लिहायचं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी दर हंगामात किनाऱ्यावरून दक्षिणेकडे जाणारे स्थलांतरी पक्षी मोजते. प्रश्न नेहमी एकाच वळणाचा असतो: "पहाटेपासून किनाऱ्यावर उभी राहतेस, एकही पक्षी जात नाही, तरी वही भरतेस. शून्य लिहून मिळतं काय?" पंधरा वर्षं मी यावर हसून विषय बदलत आलेय. आज बदलणार नाही.

याला जोडून हल्ली दुसराही प्रश्न येतो. पक्ष्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवता येतात, मग दुर्बीण आणि वही घेऊन उभं राहायची गरज काय? 2022 च्या ऑक्टोबरात पाचेक महिन्यांचा एक पाणटिवळा (चिखलात चोच खुपसून खाणारा लांब चोचीचा पक्षी) अलास्काहून निघाला आणि मध्ये कुठेही न उतरता अकरा दिवसांनी टास्मानियात पोचला. 13,560 किलोमीटर. ती बातमी वाचताना माझ्याही अंगावर काटा आला होता. पण तो एक पक्षी होता. त्याच्यासारखे किती निघाले, किती पोचले, दहा वर्षांपूर्वी याच दिवसांत जात होते त्याहून आता कमी की जास्त, हे त्याचा ट्रान्समीटर सांगत नाही. ते कुणीतरी उभं राहून मोजावंच लागतं.

कर्ल्यू सँडपायपर हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी पूर्व आशियातून जाणाऱ्या मार्गावर झपाट्याने घटले, हे कळलं ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं केलेल्या मोजण्यांमुळे. कारण मात्र हजारो किलोमीटर दूर होतं. पिवळ्या समुद्राकाठचे चिखलपट्टे भराव घालून संपवले जात होते आणि वाटेत पोट भरायची जागाच उरत नव्हती. ऑस्ट्रेलियात दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसांना हे ठाऊक नव्हतं. ती फक्त मोजत होती, कमी दिसले तर कमी लिहीत होती.

आता शून्याबद्दल. आमच्या तक्त्यात शून्य आणि आडवी रेघ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मी उभी होते, दृश्यमानता ठीक होती, ठरलेला सगळा वेळ पाहिलं, आणि कुणी गेलं नाही. रेघ म्हणजे कुणी पाहिलंच नाही. रेघेच्या जागी शून्य पडलं तर पक्षी आले नाहीत असं होतं, आणि शून्याच्या जागी रेघ पडली तर एका माणसाची पहाट वाया जाते. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. मला ते कसं समजलं, हे मात्र आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

माझा तिसरा हंगाम होता. ऑक्टोबर. तीन दिवस दक्षिणेकडून वारा आणि मधूनमधून पाऊस. तिसऱ्या पहाटे गजर वाजला, मी तो बंद केला आणि पांघरूण ओढून घेतलं. आजारी नव्हते, फक्त कंटाळले होते. जाग आली तेव्हा मोजणीचे तिन्ही तास उलटून गेले होते. त्या आठवड्यात केंद्रावर मी एकटीच. रेघ मारली असती तर कुणी काही बोललं नसतं. पण तोवरच्या माझ्या तक्त्यात एकही रेघ नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

संध्याकाळी मी मागचे दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवून आकडे भरले. छोटे टिलवे 140. चिखल्या 60. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. टिलव्यांपुढे मी लिहिलं: कोवळे 110, प्रौढ 30. हे मला जमायचं, कारण ते मी खरंच शिकले होते. प्रौढ आधी येतात, पिसं झिजलेली, रंग विटलेला. पिल्लं काही आठवड्यांनी येतात, नव्याकोऱ्या पिसांची, पाठीवर इंग्रजी व्हीसारख्या दोन पांढऱ्या रेघा. या वाटेने ती पहिल्यांदाच निघालेली असतात आणि बरोबर रस्ता दाखवणारं कुणी मोठं असेलच असं नाही. त्या पांढऱ्या रेघा बघायला मी तासन् तास उभी राहिलेली होते. तेच ज्ञान मी त्या संध्याकाळी खोटं खरं दिसावं म्हणून वापरलं.

सहा-सात वर्षांनी एक मुलगी जुने तक्ते वाऱ्याच्या नोंदींशी ताडून बघायला बसली. आठवडाभर खपली आणि एका संध्याकाळी माझ्याकडे आली, डोळे चमकत होते. "ताई, हा दिवस बघा. रात्रभर समोरून वारा, पाऊस. अशा हवेत पक्षी थांबून राहतात ना? आणि तुम्हाला 140 टिलवे जाताना दिसले, त्यातही बहुतेक कोवळे! अनुभव नसल्यामुळे ते उलट्या वाऱ्यातही निघत असतील का?" पडताळायला दुसरं काही नव्हतं. वाऱ्यापावसात जाळी उघडत नाहीत, अडकलेला पक्षी भिजून गारठतो, म्हणून त्या दिवशी रिंगिंगही, म्हणजे पक्षी धरून पायात कडी घालून सोडणंही, नव्हतं. एकट्या माझ्या शब्दावर ती कल्पना उभी होती, आणि कल्पना चांगली होती.

मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. पट्टी घेतली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली, बाजूला लिहिलं "नोंद नाही", तारीख घातली आणि माझ्यापुढे सहीसाठी पान सरकवलं. सही करताना माझा हात थरथरत होता.

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी भांडते. ती म्हणते, नव्वद दिवसांतला एक दिवस, त्याने असं काय बिघडणार होतं? शिवाय अंदाज तर आपण रोजच करतो. हजारांचा थवा उठला की कोण एकेक मोजतं? दहांचा एक ठोकळा डोळ्यात बसवायचा आणि असे किती ठोकळे बसतात ते बघायचं. मग हाही अंदाजच की! मी तिला सांगते, तिथे समोर थवा तरी असतो. यावर ती गप्प बसत नाही. समोर थवा असताना चारशेचे पाचशे झाले ते काय होतं, असं ती विचारते. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. काही संध्याकाळी वही लिहिताना आकडा वर सरकलाय, दिवस चांगला गेला होता म्हणून, हे मला माहीत आहे. ते खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. पण हे मी पुरेशा खात्रीने म्हणू शकत नाही.

त्यानंतर मी माझे पहिल्या तीन हंगामांचे तक्ते पुन्हा काढले. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. बहुतेक दिवस आठवले: कुठल्या दिवशी बहिरी ससाणा थव्यात घुसला होता, कुठल्या दिवशी धुकं होतं. पण दुसऱ्या हंगामातली सप्टेंबर अखेरची एक ओळ आहे. सुरय 200. नेमका गोल आकडा, शेरा रिकामा, वाऱ्याची दिशा भरलेली. त्या पहाटे मी उभी होते की नाही, मला खरंच आठवत नाही. ती ओळ खोडावी तर कदाचित एक खरी पहाट पुसली जाईल, आणि ठेवावी तर कदाचित दुसरं खोटं राहील. तिच्यापुढे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय आणि दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी ते पान उघडून बघते.