प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: दुपारी बाराला जेवायला बसा

प्रागला गेलात तर हॉटेलच्या दारातला फळा आधी बघा. सकाळी साडेदहा-अकराला आतलं कुणीतरी बाहेर येऊन त्यावर खडूनं आजचं जेवण लिहितं. वर सूप, खाली तीन-चार पदार्थ, पुढं किंमत. ‘पोलेड्नी मेनू’ म्हणतात त्याला, दुपारचं ठरलेलं जेवण. साधारण अकरा ते दोन मिळतं. ऑफिसातली माणसं, बांधकामावरचे कामगार, पेन्शनर आजोबा, सगळे एका ओळीत बसून जेवतात आणि पंचवीस मिनिटांत उठतात. पदार्थ संपला की फळ्यावरच्या त्या ओळीवर रेघ. संध्याकाळी त्याच हॉटेलात टेबलावर मेणबत्ती येते आणि बिल जवळपास दुप्पट होतं.

मी बेळगावात टिळकवाडीत मेस चालवते. जी माणसं उद्या पुन्हा येणार आहेत त्यांना काय वाढायचं आणि कसं वाढायचं, ह्यातच माझी सगळी वर्षं गेली. त्यामुळं तो फळा बघून मला प्रागच्या किल्ल्याइतकाच आनंद झाला. पुढं व्हिएन्नाला आणि बुडापेस्टलाही हीच पद्धत दिसली. आम्ही चौघींनी ठरवून टाकलं: मुख्य जेवण दुपारी, स्थानिक माणसं बसतात तिथं. संध्याकाळी पाव, फळं, चीज आणि घरून नेलेली शेंगाचटणी. ट्रिपचा पैसा वाचला ह्याच्यामुळं, आणि पोटंही सगळ्यांची शेवटपर्यंत नीट राहिली.

चौघी म्हणजे बेळगावच्या कॉलेज होस्टेलातल्या जुन्या मैत्रिणी. निपाणीवाली शाळेत गणित शिकवते, म्हणून कोरुना, युरो, फोरिंट असा तिन्ही चलनांचा हिशेब तिच्याकडं. खानापूरवालीचा काजूचा धंदा आहे. चिकोडीवाली जैन, घरी कन्नड बोलते, आमच्याशी मराठी आणि आमच्यावर चिडली की परत कन्नड. ती दिवस मावळल्यावर जेवत नाही, त्याची मला निघताना सगळ्यात जास्त काळजी होती. पण जूनमध्ये प्रागला आणि व्हिएन्नाला सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमाराला! आठ वाजता लख्ख उजेडात बागेत बसून ती निवांत जेवायची. तुमच्या घरात कुणी चोविहार पाळत असेल तर तिकडं जूनमध्येच न्या.

प्रागच्या फळ्यावर मला कुलायदा सापडलं. आंबट सायीचं सूप, त्यात बटाटा, आळंबी आणि भरपूर शेपू, वर एक अंडं. आपण शेपू मुगाच्या डाळीबरोबर परततो. दुधासायीत तो शिजवावा हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. वास ओळखीचा, चव मात्र सगळी नवी. चेक माणसांना रानात जाऊन आळंबी वेचायचं फार वेड आहे. हे कळल्यावर खानापूरवालीनं पावसाळ्यात तिच्याकडं रानात कुठली आळंबी कुठं उगवते ते टेबलावर बोटानं नकाशा काढून आम्हाला सांगितलं. तिथंच फळं भरलेले क्नेडलिकही खाल्ले. आत अख्खा जर्दाळू, बाहेर पिठाचा उकडलेला गोळा, वरून वितळलेलं लोणी, कुस्करलेलं पनीरासारखं त्वारोह आणि साखर. तिकडं हे मुख्य जेवण म्हणूनसुद्धा खातात. चिकोडीवालीनं दोन वेळा मागवलं.

बघायचं म्हणाल तर चार्ल्स पूल पहाटे गाठा. राजा चौथ्या चार्ल्सनं तो १३५७ मध्ये बांधायला घेतला. ५१६ मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. सहाच्या सुमाराला पुलावर आम्ही आणि दोन-तीन झाडूवाले एवढेच होतो. नऊनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. जुन्या शहराच्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ एकदा बघावं, त्याच्यासाठी पुन्हा ताटकळू नये. किल्ल्यावर चढत जायची गरज नाही, बावीस नंबरची ट्राम वरपर्यंत नेते.

प्रागहून व्हिएन्नाला रेल्वेनं चार तास लागतात. ब्रेक्लाव्ह स्टेशन गेलं आणि फोनवर नवीन नेटवर्कचा मेसेज आला, एवढ्यावरनं देश बदलल्याचं समजलं. कुणी चढलं नाही, कुणी कागद मागितला नाही. चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी २००७ च्या डिसेंबरात शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या हद्दीवर एरवी तपासणी न करणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आले, तेव्हापासून बहुतेक वेळा हे असं असतं. त्याच हद्दीवर १९८९ पर्यंत काटेरी तारा होत्या. मी खिडकीला नाक लावून बघत होते, शेत संपतंय कुठं आणि दुसऱ्या देशाचं शेत सुरू होतंय कुठं. १९५६ मध्ये बेळगाव महाराष्ट्रात न येता कर्नाटकाच्या बाजूला गेलं, त्यानंतर जन्मलेल्या आम्ही सीमाभागातल्या बायका. माझं माहेर महाराष्ट्रात गडहिंग्लजकडं, सासर बेळगावात. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस थांबतात आणि आईचं लोणचं तिकडंच अडकतं. त्या खिडकीतून बघताना माझ्या मनात काय चाललंय हे इतर तिघींना सांगायला लागलं नाही. निपाणीवालीनं फक्त माझा हात दाबला.

व्हिएन्नात मला सगळ्यात आधी आवडलं ते पाणी. नळाचं पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं. १८७३ मध्ये पहिली वाहिनी सुरू झाली आणि पाणी डोंगरातून उतारानंच शहरात येतं, पंपाशिवाय. कॉफी मागवली की ट्रेमध्ये शेजारी पाण्याचा ग्लास येतोच, आणि तो रिकामा झाला की पुन्हा भरून देतात. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोपच्या धरणात किती पाणी उरलंय ह्यावर ज्यांचा उन्हाळा ठरतो त्यांना ह्याचं मोल लगेच कळेल. कॉफीहाऊसमध्ये एका कपावर दोन तास बसा, कुणी उठवत नाही. वर्तमानपत्रं लाकडी दांडीला लावून ठेवलेली असतात. श्निट्झेल खायचं असेल तर एक लक्षात ठेवा: नुसतं ‘वीनर श्निट्झेल’ लिहिलंय तर ते वासराचं मांस असतं, तसा तिथं नियमच आहे. चिकनचं वेगळं सांगून मागायचं.

शोनब्रून राजवाड्याला १,४४१ खोल्या आहेत. त्यातल्या थोड्या लोकांना दाखवतात, त्याही गर्दीतून सरकत सरकत. आम्ही भरभर बाहेर आलो, कारण आवारातल्याच एका कॅफेच्या तळघरात स्ट्रुडेल करून दाखवतात आणि त्याची वेळ होत आली होती.

ते मात्र सावकाश सांगते. मैदा, पाणी, तेल आणि मीठ ह्यांचा मऊ गोळा आधीच मळून, तेल लावून झाकून ठेवलेला. आचाऱ्यानं तो लाटण्यानं भाकरीएवढा केला, मग दोन्ही मुठी त्याच्या खाली घातल्या आणि मुठींच्या पाठीवर पीठ फिरवत ताणायला लागला. बोटाचं टोक वर येऊ द्यायचं नाही, नाहीतर भोक पडतं. बघता बघता पीठ टेबलक्लॉथएवढं झालं आणि त्याच्या पलीकडं त्याच्या ॲप्रनची बटणं दिसायला लागली. खानापूरवाली मोठ्यानं म्हणाली, “अगं, हे मांडेच की!” तळघरातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

खरंच मांडे. बेळगावात लग्नघरी मांडे करणाऱ्या बायका असंच पीठ हातावर घेतात, पालथ्या तापलेल्या खापरावर टाकतात, पिठीसाखर, खसखस, वेलची भुरभुरवून गरम असतानाच घडी घालतात. पुढचं सगळं वेगळं. मांडा कोरडा भाजला जातो, म्हणून तो आठवडाभर कुरकुरीत राहतो. स्ट्रुडेलमध्ये ओलं सफरचंद जातं. त्याला पाणी सुटलं तर पापुद्रा लगद्यासारखा होणार. म्हणून आधी लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरतात, तो रस शोषून घेतो. मग सफरचंद, मनुका, दालचिनी, आणि खालचं कापड उचलून अलगद वळकटी. जाड कडा कापून टाकतात. हा पातळ पापुद्रा तुर्कांकडून हंगेरीमार्गे व्हिएन्नात आला असं तिकडं मानतात. आणि व्हिएन्नाची गोडधोडाची एवढी ख्याती झाली त्यात मोठा वाटा एकोणिसाव्या शतकात चेक मुलखातून श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला आलेल्या बायकांचा. १९१८ पर्यंत ही तिन्ही शहरं एकाच राज्यात होती. बायका कामाला गेल्या, लग्न होऊन गेल्या, आणि हाताची सवय बरोबर नेली. माझ्या मेसमध्ये बुधवारी तांबडा रस्सा होतो तो आईचा, शुक्रवारी भरल्या वांग्याची एण्णगाई होते ती सासरच्या शेजारणीची, आणि सोलकढी घाटाखालच्या गोव्याची. ज्वारीची भाकरी सगळ्यांबरोबर.

बुडापेस्टला व्हिएन्नाहून अडीच-पावणेतीन तास. तिथं फोव्हाम चौकात १८९७ ची मोठी मंडई आहे, लोखंडी खांबांची, छपरावर झोलनाय कारखान्याची रंगीत कौलं. तळघरात लोणच्याची दुकानं: काकडी, कोबी, आणि मुठीएवढी अख्खी टरबुजं खारवलेली. मधल्या मजल्यावर भाजी, मांस, आणि जिकडंतिकडं टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. मी तिथून हलायलाच तयार नव्हते. मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडं ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली, हंगेरीत तुर्कांच्या काळात. तिकडं तिला सेगेड आणि कालोचा ह्या गावांनी वाढवलं, इकडं ब्याडगी आणि संकेश्वरनं. सेगेडमध्येच आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी ह्यांनी मिरचीतून भरपूर सी जीवनसत्त्व काढून दाखवलं आणि त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. मी तीन डब्यांतली पाप्रिका, म्हणजे तिकडची मिरचीपूड, तळहातावर घेऊन हुंगली. गोड पाप्रिकाला रंग ब्याडगीचा, पण वास भाजलेल्या टोमॅटोकडं झुकणारा. तिखट प्रकार जिभेवर उशिरा चढतो. संकेश्वरीसारखी ठसक्यात लागत नाही.

वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो: तळलेली जाड पुरी, त्यावर लसूणपाणी, आंबट साय, किसलेलं चीज. खानापूरवालीनं पर्समधली शेंगाचटणी काढून त्यावर पसरली. शेजारच्या हंगेरियन बाईंनी आपलाही लांगोश पुढं केला. त्यांनाही वाढली.

पण बुडापेस्टचं खरं जेवण ‘एत्केझ्दे’मध्ये. ह्या छोट्या खाणावळी बहुतेक दुपारपुरत्याच असतात. चौकड्याचं मेणकापड, समोर उघडं स्वयंपाकघर. तिथं फोझेलेक म्हणून दाटसर भाजी मिळते, वाटाण्याची, पालकाची, किसलेल्या भोपळ्याची. भोपळ्याच्या भाजीत पुन्हा शेपू आणि आंबट साय! शाकाहारी माणसानं इथं एक गोष्ट विचारायचीच. भाजी दिसते भाजीसारखी, पण फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते, आणि सूपचं पाणी मांसाचं. चिकोडीवालीनं फोनवर हंगेरियनमध्ये लिहून ठेवलं होतं, ते दाखवायची. नाही म्हणाले की पुढचं दुकान.

आम्ही तिघींनी चिकन पाप्रिकाश घेतलं, बरोबर नोकेडली, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे तुकडे. रश्शाला तो रंग कसा आला हे मला बघायचं होतं. मी काउंटरशी जाऊन खुणेनं विचारलं. आतल्या बाईंनी मला आत ओढलंच. तेलात कांदा गुलाबी केला, पातेलं विस्तवावरून उचलून बाजूला ठेवलं, मग मोठे दोन चमचे पाप्रिका, दोनदा ढवळणं, आणि लगेच पळीभर पाणी. मग परत विस्तवावर. विस्तवावर असताना पूड टाकली तर काय होतं ते त्यांनी तोंड वाकडं करून दाखवलं: कडू! मी माझ्या पोरींना रोज ओरडून हेच सांगते, तिखट घालताना गॅस बंद करा, तेल शांत होऊ द्या. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी आम्ही पंधरा मिनिटं बोलत होतो. निघताना त्यांनी नोकेडली पाडायची किसणी मला हातात धरून बघायला दिली. मी पुढच्या चौकात तसलीच एक विकत घेतली.

बाकी बुडापेस्टमध्ये दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठानं पार्लमेंटसमोरून जाते, ती संध्याकाळी दिवे लागल्यावर पकडा. १८९६ ची भुयारी रेल्वे अजून चालू आहे, छोटे पिवळे डबे, त्यात नक्की बसा. सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात निपाणीवाली उतरली ती बाहेर यायला तयार होईना.

जाणाऱ्यांसाठी: जिथं जास्त मुक्काम त्या देशाकडं शेंगेन व्हिसा मागायचा. प्राग आणि बुडापेस्टला युरो सगळीकडं घेत नाहीत, घेतले तरी भाव वाईट लावतात, म्हणून थोडी स्थानिक रोकड हवी. भाकरीचं पीठ नेऊ नका, तवा कुठं मिळणार. चटणी आणि मेतकूट पुरे.

पाप्रिका घरी आणून महिना झाला. रविवारच्या मटणात घालून बघितली, तिथं ती फिकी पडते, मटणाला आपली संकेश्वरीच पाहिजे. पण बटाट्याच्या पातळ भाजीत, गॅस बंद करून, थोडी साय घालून केली, तर पोरं ताट पुसून खातात. आता डबा संपत आलाय. खानापूरवालीचा भाचा ऑक्टोबरात बुडापेस्टला जाणार आहे, त्याला सेगेडची गोड पूड आणायला सांगून ठेवलंय.