मिगची वही

26 सप्टेंबर 2025, शुक्रवार, रात्री

आज दुकानात गिऱ्हाईक कमीच, म्हणून मोबाईलवर चंदीगडचा कार्यक्रम बघत बसलो, एअरफोर्सच्या जुन्या मिग-21 लढाऊ विमानाचा निरोप. 1963 ला तिथंच मिगची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, उभी राहिली, 28 नंबरची, आणि आज रिटायरमेंट पण तिथंच. एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग स्वतः उडवत होते. पाण्याचे फवारे झाले, भाषणं झाली, पण मला खरं भारी वाटलं ते फॉर्म 700 संरक्षणमंत्र्यांच्या हातात दिला तेव्हा. म्हणजे विमानाची वही. सही झाल्याशिवाय विमान उडत नाही ती.

लगेच अमळनेरला मामांना फोन लावला. मामा एअरफोर्सात फिटर होते, बिकानेरजवळच्या नालला बरीच वर्षं काढली. ते पण टीव्हीसमोरच बसलेले, आवाज जरा बसका वाटत होता पण मी काही विचारलं नाही. मग सुरू झाले. पार्टला दोन आयुष्यं असतात म्हणे, एक तासांचं आणि एक वर्षांचं, जे आधी संपेल ते खरं. रबराचं सील पाकिटातून बाहेर न काढता पण म्हातारं होतं. एका मिगचा पार्ट काढून दुसऱ्याला लावला तर दोघांच्या कागदावर नोंद, कोणी काढला, कोणी लावला, किती तास चाललेला. मी म्हटलं मामा आपल्याकडं धुळ्यात ट्रॅक्टरचा पंप कुठून आला हे विकणाऱ्यालाच माहीत नसतं, तर म्हणे, "कागद नही ते भंगार शे भाऊ, मंग नवंकोरं का असेना."

बॉडी आपल्या शेजारीच ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत बनायची, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, त्यामुळं बरंचसं देशातच भागायचं. पण सगळं नाही. 1991 ला सोव्हिएत फुटलं आणि ज्यांच्याकडून माल यायचा ते कारखाने एकदम वेगवेगळ्या देशांत गेले, दोन सीटचं ट्रेनर बनवणारा कारखाना तर तिबिलिसीला, म्हणजे जॉर्जियात! आता एका वॉशरसाठी कोणाला पत्र लिहायचं? मला वाटतं जुनं विमान चालवण्यात खरा त्रास हाच, उडवणं नंतर.

मिगला कोणी "उडती शवपेटी" म्हटलं की मामा चिडतात. मी वाद घालत नाही पण पटत पण नाही पूर्ण, अपघात झालेत, तरणी पोरं गेलीत, ते काय खोटं आहे का. पण 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट टाकणारं पण हेच आणि नवीन रडार बसवून 'बायसन' ही सुधारलेली आवृत्ती केल्यावर 2025 पर्यंत ओढलं ते पण हेच, म्हणजे साठ वर्षं कोणीतरी रोज पाना घेऊन खाली उभं होतंच की.

एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला, दुकानदाराचाच आहे. आता स्टोअरमध्ये जे उरलं असेल, पाकीटबंद, कागदासकट, त्याला गिऱ्हाईक कोण? मामा म्हणे बघू, काही विमानं म्युझियमला, काही कॉलेजला जातात. आणि मला काम लावलं, कुठं उभं केलेलं मिग दिसलं तर फोटो नको काढू नुसता, अंगावरचा नंबर नीट दिसू दे, नंबराच्या आधी सीयू ही अक्षरं असली तर बायसन, मी हात लावलेलं असू शकतं, म्हणे.