तुम्ही विचारलंत म्हणून : गेमची कल्पना कुणाची असते?

गेम बनवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कल्पना नेमकी सुचते कुणाला? कॉलेजातली मुलं त्याच्याही पुढे जातात. टीम चर्चेला बसते म्हणजे नक्की करते काय? गोव्यात फोंड्यातली आमची टीम लहान आहे, पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुरेशी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकापुढे कोरी कार्डं आणि मार्कर, एका कार्डावर एकच कल्पना, नाव घालायचं नाही. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं. ब्रेनस्टॉर्मिंग म्हणजे सगळ्यांनी मिळून धडाधड बोलत सुटायचं, अशी समजूत असते.

ब्रेनस्टॉर्मिंगची ही पद्धत रूढ केली अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी. १९५३ च्या पुस्तकात त्यांनी नियमही दिले: टीका नको, अचाट कल्पना चालतील, संख्या वाढू द्या, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. हे नियम मला आजही मोलाचे वाटतात. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात पडताळून पाहिलं, तर एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना मिळून जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी मुख्य कारण दाखवलं: एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. आमच्याकडे एकाचा आवाज देवळाच्या मांडवातल्या नाटकांत तयार झालाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. चित्रं काढणारी पेडण्याची मुलगी चारचौघांत तोंड उघडत नाही. कार्डांवर दोघांचा आवाज सारखाच.

आत्ताच्या गेमचंच घ्या. विषय होता पाणी. कार्डं भिंतीवर लागली तेव्हा त्यांत दूधसागर होता, पावसातली फेरीबोट होती. एका कार्डावर नुसतं ‘मानस’ लिहिलेलं, खाली एक दार आणि दोन बाण.

ज्यांनी खाजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खाडीकाठची ही शेतं भरतीच्या पातळीपेक्षा सखल असतात. बांध खारं पाणी अडवतो. बांधात बसवलेलं मानस म्हणजे लाकडी दारांची वाट, तीही पाण्याच्याच दाबावर चालणारी. भरतीला दार मिटतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात तिथे कोरगुट पिकतं, खारेपणा सोसणारं भात. मानसापाशी जाळं लावून मासळी धरतात. खेकडे बांध पोखरत असतात, ते वेगळंच.

कार्ड वाचलं की मी एकच विचारते: खेळणाऱ्यानं करायचं काय? उत्तर क्रियापदात हवं. दूधसागराच्या कार्डाला ‘बघायचं’ यापलीकडे काही मिळेना. मानसाला मात्र भराभर मिळत गेलं: दार उघडायचं, मिटायचं, बांध लिंपायचा. ‘जाळं लावायचं’ हे त्या मोठ्या आवाजाकडून आलं. आणि ही क्रियापदं एकमेकांच्या आड येत होती. भरतीचं पाणी मुद्दाम आत घेतलं तर मासळी वाढते नि शेत खारावतं. हे भांडण आम्हाला रचावंही लागलं नाही, गावांत ते खरंच चालतं. यावर मग कडाडून वाद झाला, आणि या टप्प्यावर तो मला हवाच असतो.

त्या दिवशी कुणी कोडला हात लावत नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘स्प्लाटून’ या शाई उडवायच्या गेमचा पहिला नमुना म्हणजे टोफूसारखे काळे-पांढरे ठोकळे शाई उडवत फिरायचे, बस्स. त्यातली स्क्विड, म्हणजे माकुळासारखी पात्रं, नंतर आली. २०१५ मध्ये गेम बाजारात आला. आम्ही पुठ्ठ्यावर चौकोन आखले. काजूच्या बिया म्हणजे भात, चिंचोके म्हणजे मासळी. भरती की ओहोटी, ते नाणं उडवून ठरवायचं. आमच्या प्रोग्रॅमरचे वडील चोडणचे, खाडीत मासे मारणारे. ते तिथेच होते, म्हणून त्यांनाही खेळायला बसवलं. त्यांनी नाणं बोटांत धरलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं.

“भरती काय नशिबावर येते, बाय?”

सहासहा तासांनी पाणी फिरणार, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येणार, हे तर ठरलेलं. आम्ही नाणं काढून टाकलं. भरतीचं वेळापत्रक पटावर सगळ्यांना दिसेल असं मांडलं आणि नशीब पावसाच्या हाती दिलं. पुढचा डाव वेगळाच झाला. कुठलं पाणी कधी येणार हे माहीत असतं, म्हणून माणूस हिशेब करतो, लोभ धरतो, दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात आभाळ फुटतं.

आता सांगा, कल्पना कुणाची? दार पेडण्याच्या मुलीचं, जाळं नाटकवाल्याचं, भरती त्या काकांची. म्हणून गेमच्या श्रेयनामावलीत ‘कल्पना’ या शब्दापुढे सगळ्यांची नावं येतात, काकांचंही. यावर मी अडून बसते.

नापास झालेली कार्डं आम्ही टाकत नाही. मागे कारण लिहून डब्यात ठेवतो. फेरीबोटीचं कार्ड या आठवड्यात बाहेर आलंय, कारण धरलेली मासळी रायबंदरच्या काठाला न्यायची कशी, हा प्रश्न आता गेमलाच पडलाय. त्या कार्डामागे ‘नुसता प्रवास, करायचं काय?’ असं लिहिलं होतं. खाली कुणीतरी नव्या शाईनं उत्तर लिहिलंय: बर्फ वितळायच्या आत फेरी गाठायची.