एसएटीच्या व्याकरणात मला ‘चालताना’नं अडवलं

एसएटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, फॉर्म भरला, तारीख मिळाली, ती परीक्षा ज्यात द्यायची ते ब्लूबुक ॲप लॅपटॉपवर टाकलं. यात कुठेच अडलं नाही. उताऱ्यांचे प्रश्नही जमत होते. घोडं अडलं ते व्याकरणात, आणि त्यातही एकाच जातीच्या वाक्यांपाशी. परीक्षा होऊन गेली, मार्क मनासारखे आले, तरी त्या दीड महिन्याचा राग अजून उतरलेला नाही. जे मला कोणीही पाच मिनिटांत मराठीतून समजावू शकलं असतं, ते कोणी समजावलंच नाही.

इंग्रजीच्या विभागात 54 प्रश्न असतात. 27-27 चे दोन भाग, प्रत्येकाला 32 मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. त्यातले 11 ते 15 प्रश्न निव्वळ व्याकरणाचे. छोटा उतारा, मध्ये एक रिकामी जागा आणि चार पर्याय. पहिल्या सराव परीक्षेत माझे यातले सहा चुकले आणि सहांपैकी चार एकाच प्रकारचे निघाले.

क्लासमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, ‘वाक्य मनात वाच, कानाला खटकेल तो पर्याय खोड.’ ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना हे चालत असेल. माझा कान मराठीवर घडलाय. त्याला जे खटकायला हवं होतं ते खटकतच नव्हतं.

हे वाक्य बघा: ‘वॉकिंग टू द स्टेशन, द रेन सोक्ड माय बॅग.’ मी दहा वेळा वाचलं. मला त्यात चूक दिसेना. दिसणार कशी? ‘स्टेशनकडे चालत जाताना पावसानं माझी बॅग भिजवली’ असं आपण सहज म्हणतो आणि त्यात काही वावगं नाही. मराठीतल्या ‘ताना’ला दोन वेगळे कर्ते चालतात. चालणारी मी, भिजवणारा पाऊस. इंग्रजीत मात्र सुरुवातीच्या त्या तुकड्यातलं काम जो करतो, तोच स्वल्पविरामानंतर लगेच यावा लागतो. म्हणजे वरच्या वाक्यात चक्क पाऊस स्टेशनकडे चालत निघालाय.

नियम माहीत नव्हता असं नाही. वहीत लिहिलेला होता. पण घड्याळ पळत असताना नियम आठवत नाही, कान पुढे धावतो. चार आठवडे मी नुसते प्रश्न सोडवत राहिले आणि तीच चूक करत राहिले. उत्तराखाली स्पष्टीकरण असायचं, ते वाचून पटायचंही, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग एका रात्री वैतागून मी ‘ताना’ काढून तिथे ‘ऊन’ घातलं. ‘स्टेशनकडे चालत जाऊन पावसानं माझी बॅग भिजवली.’ कान ताडकन उभा राहिला! ‘घरी येताना पाऊस पडला’ चालतं, ‘घरी येऊन पाऊस पडला’ चालत नाही. ‘ऊन’ला एकच कर्ता लागतो, अगदी इंग्रजीसारखा. त्या दिवसापासून अशा प्रत्येक वाक्याचा पहिला तुकडा मी मनात ‘ऊन’ लावून म्हणायला लागले आणि माझाच मराठी कान कामाला आला. ही युक्ती मला स्वतःला सापडली याचा मला फार अभिमान आहे.

तरी एक सापळा उरतो. सुरुवात अशी समजा: ‘हॅविंग स्टडीड द स्टार्स फॉर यीअर्स,’ आणि पुढे रिकामी जागा. एका पर्यायात ‘द ॲस्ट्रॉनॉमर’ पहिला येतो, दुसऱ्यात ‘द ॲस्ट्रॉनॉमर्स थिअरी’. दोन्हीकडे खगोलशास्त्रज्ञ सुरुवातीलाच दिसतो, म्हणून घाईत दोन्ही बरोबर वाटतात. पण दुसऱ्यात ‘astronomer's’मधल्या त्या बारीकशा ॲपॉस्ट्रॉफीमुळे तो कर्ता राहिलेला नाही. कर्ता आहे सिद्धांत, आणि सिद्धांतानं काही वर्षानुवर्षं तारे पाहिले नाहीत. मी यात तीनदा फसले. असा पर्याय दिसला की ‘कोणी केलं?’ एवढंच विचारा आणि ॲपॉस्ट्रॉफीवर नजर ठेवा.

एकवचन-अनेकवचनाच्या चुकांचंही मूळ असंच आपल्या भाषेत आहे, फक्त ते मला लवकर सुटलं. ‘जुन्या नकाशांचा संग्रह आहे’ यात कर्ता ‘संग्रह’ क्रियापदाला चिकटून बसतो. इंग्रजीत ‘द कलेक्शन ऑफ ओल्ड मॅप्स’ म्हटलं की क्रियापदाशेजारी नकाशे येतात आणि हात ‘आर’कडे जातो. ‘ऑफ’पासूनचा तुकडा बोटानं झाका, ‘इज’ आपोआप दिसेल.

मध्येच आठवलं म्हणून सांगते: उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि दोन पूर्ण वाक्यांच्या मधल्या जागेसाठी एका पर्यायात पूर्णविराम, दुसऱ्यात अर्धविराम आणि बाकी सगळं सारखं असेल, तर दोन्ही खोडा. तिथे दोघांचं काम एकच, आणि बरोबर उत्तर तर एकच असतं. नुसता स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्यं जोडणं मराठीत खपून जातं, इथे नाही.

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या भागात तसलं एक वाक्य आलंच. मी ओठ न हलवता ‘ऊन’ लावून म्हटलं, तीन पर्याय खोडले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. घड्याळाकडे बघावंसंही वाटलं नाही.