काटा बोलंना झालाय

लातूरकडं सोयाबीनचा हंगाम लागला की भुईकाट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागते. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, खोलीतल्या डब्यावरचे लाल आकडे हलतात, स्थिरावतात आणि वायरीतून कॉम्प्युटरकडं जातात. तिथला प्रोग्रॅम त्यांची वाट बघत असतो. म्हणजे सारखं ‘आलं का, आलं का’ विचारत नसतो. ‘काही आलं की उठव’ असं ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून चक्क झोपलेला असतो.

आता टेबलाखालची वायर कुणाच्या तरी पायात अडकून निघाली, तर या झोपलेल्याला सांगायचं कुणी?

ते वायर कुठून निघाली यावर आहे. कॉम्प्युटरच्या बाजूची यूएसबी पिन निघाली, तर बातमी लगेच पोचते. काट्याची सिरियल वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर मधे असतो. साध्या कन्व्हर्टरमधला १.५ किलोओहमचा एक रोधक यूएसबीच्या दोनपैकी एका तारेचा विद्युतदाब वर धरून असतो. पिन सुटली की दाब पडतो आणि अडीच मायक्रोसेकंदांत पोर्टला कळतं, पाहुणा गेला. मग लिनक्स त्या प्रोग्रॅमला उठवतं आणि त्याच्या हातावर शून्य बाइट, म्हणजे ‘आता काही यायचं नाही’, ठेवतं. विंडोज उघड्या खिडक्यांना ‘डिव्हाइस चेंज’चा निरोप धाडतं. काही प्रोग्रॅम असे ढ, की शून्य मिळालं तरी पुन्हा वाचायला जातात, पुन्हा शून्य, आणि नुसता कॉम्प्युटरचा पंखा घुमत राहतो! पण शून्य हे उत्तर आहे. मुलगी बघून गेलेल्यांनी ‘जमत नाही’ एवढं कळवलं, तरी घर पुढचं स्थळ बघायला मोकळं होतं.

लिनक्सचा पूर्वज म्हणजे युनिक्स. त्या युनिक्सवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमनं काम चालायचं तेव्हा लाइन तुटली की ‘हँगअप’ सिग्नल जायचा. तो आजही आहे आणि त्याचा क्रमांक १ आहे. तो आल्यावर प्रोग्रॅमनं मरायचं, हा रिवाज. ज्याला काम पुरं करूनच जायचंय, त्याच्यासाठी ‘नोहप’ ही कमांड.

खरी पंचाईत दुसऱ्या टोकाला. काट्याच्या डब्यामागची नऊ पिनांची सिरियल वायर निघाली, तर कन्व्हर्टर कॉम्प्युटरला लागलेलाच असतो. त्या वायरीत बहुतेकदा तीनच तारा: द्यायची, घ्यायची आणि ग्राउंड. समोर कुणी आहे की नाही, हे सांगणारी तार जोडलेलीच नसते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी सगळं आलबेल. प्रोग्रॅम झोपलेला, पडद्यावर मघाच्या ट्रॅक्टरचं वजन, आणि काट्यावर दुसराच उभा. ऑपरेटर एवढंच म्हणतो, “काटा बोलंना झालाय.”

नेटवर्कचीही हीच तऱ्हा. मधली वायर गेली तर दोन कॉम्प्युटरांमधल्या गप्प बसलेल्या जोडणीला (तिला टीसीपी म्हणतात) पत्ता लागत नाही. ‘कीप-अलाइव्ह’ चालू असेल तर लिनक्स विचारपूस करतं, पण मुळात ७२०० सेकंदांनी. दोन तासांत निम्मी रांग तोलून होईल की!

म्हणून इथं घड्याळ प्रोग्रॅमनंच लावायला हवं. बरेच डबे वजन सतत पाठवत राहतात. दोन सेकंद काही आलं नाही, तर काहीतरी बिनसलंय. असं सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं, तर मी त्याला पावतीचा नमुना नंतर विचारीन. आधी वायर काढून बघीन, जुना आकडा पुसला जातोय का.