तेरा नंबर बाहेर, दोन नंबर आत

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आकडे नोंदवणाऱ्या चमूत मी काम करते. शेजारी बसलेला स्पॉटर दुर्बिणीतून बघत ओरडतो, ‘दोनचा पास, चारने पकडला, दहा यार्ड, पाडलं वीसने,’ आणि पुढचा प्ले, म्हणजे पुढची चाल, सुरू व्हायच्या आत मी ते संगणकात भरते. पुण्यात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलं होतं, ती सवय इथे अटलांटात उपयोगी पडली. प्रेस बॉक्सचा एक नियम मात्र कडक असतो: टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही.

1 डिसेंबर 2018 ला हा नियम पाळणं मला जड गेलं.

मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये अलाबामा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या संघांत एसईसी या कॉलेज गटाची अंतिम लढत होती. अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, 13 नंबरचा टुआ टागोवायलोआ, हंगामभर तुफान खेळला होता, पण त्या दिवशी त्याचं काही जमेना. तिसऱ्या सत्रात जॉर्जिया 28-14 असं पुढे होतं. चौथ्या सत्रात अलाबामा सात गुणांनी मागे असताना टुआचा पाय दुखावला आणि तो लंगडत बाहेर गेला. स्पॉटर एवढंच म्हणाला, ‘तेरा बाहेर, दोन आत.’

दोन नंबर म्हणजे जेलन हर्ट्स. माझी बोटं क्षणभर थबकली, कारण हेच मैदान होतं. त्याच वर्षी 8 जानेवारीला, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात, समोर हाच जॉर्जिया संघ असताना मध्यंतराला अलाबामा 0-13 असं मागे होतं आणि प्रशिक्षक निक सबन यांनी हर्ट्सला बाकावर बसवलं होतं. त्या अर्ध्या सामन्यातले त्याचे आकडे: 8 पास, 3 पूर्ण, 21 यार्ड. त्याच्या जागी आलेल्या टुआने जादा वेळेत 41 यार्डांचा पास टाकून 26-23 असा सामना जिंकून दिला. तो सामना मी घरी टीव्हीवर बघितला होता.

हर्ट्स काही साधा खेळाडू नव्हता. टेक्सासमधल्या चॅनलव्ह्यूचा, शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा मुलगा. 2016 मध्ये कॉलेजातल्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच प्लेला त्याच्या हातून चेंडू निसटला, आणि त्याच सामन्यात त्याने पुढे चार टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गुणक्षेत्रात पोचवून मिळणारे गुण) मिळवून दिले, दोन पासने, दोन धावून. तो सुरुवातीपासून खेळलेल्या 28 सामन्यांपैकी 26 अलाबामाने जिंकले होते. तरी लोक म्हणत, पोरगा पळतो छान, पण पास टाकता येत नाही. 2018 साली नवा नियम आला: चारपर्यंत सामने खेळूनही खेळाडूला कॉलेजकडून खेळण्याच्या मोजक्या वर्षांतलं ते वर्ष राखून ठेवता येत होतं. चार सामन्यांनंतर हा थांबेल आणि दुसरं कॉलेज गाठेल, असा सगळ्यांचा होरा होता. तो थांबला नाही. टुआच्या मागे दुसरा क्रमांक घेऊन खेळत राहिला.

त्याच्या निष्ठेचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि ते रास्तच आहे. पण पास नोंदवायला बसले होते म्हणून असेल, मला त्याचं कसब जास्त दिसलं. जानेवारीत जरा दाब आला की तो चेंडू घेऊन पळत सुटायचा. आता तो उभा राहत होता, एक नजर इकडे, एक तिकडे, मग फेक. जेरी ज्यूडीला 10 यार्डांचा टचडाउन पास आणि बरोबरी, 28-28. हा माणूस जवळजवळ अकरा महिने नुसता वाट बघत बसला नव्हता, शिकत होता.

मग जॉर्जियाने पंटचा, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देण्याचा, आव आणला. स्पॉटर जवळजवळ उठूनच उभा राहिला, ‘अरे, तो फील्ड्स आहे, तो पंट नाही करणार!’ चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, 11 यार्ड हवे होते, जॉर्जियाचा राखीव क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स अडवला गेला आणि मैदानाच्या मध्याजवळ चेंडू अलाबामाकडे आला. शेवटचं एक मिनिट आणि काही सेकंद उरले असताना हर्ट्स 15 यार्ड धावत गुणक्षेत्रात शिरला. 35-28. स्पॉटर ओरडायचं विसरला, नंबर मीच भरला.

सामन्यानंतर पडद्यावर सबन बोलत होते, आवाज भरून आलेला. आम्ही मात्र कागद छापायच्या घाईत, एकेक ओळ पडताळत. हर्ट्सच्या ओळीत 9 पास, 7 पूर्ण, 82 यार्ड. मी ते आकडे पुन्हा तपासले, चुकीची शंका होती म्हणून नव्हे, बघत राहावंसं वाटलं म्हणून.

त्याच महिन्यात तो पदवीधर झाला आणि नंतर ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. तिथे 2019 मध्ये त्याने 3,851 यार्डांचे पास टाकले आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाकडून सुपर बोल ही अंतिम लढत जिंकताना सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पण मला कुणी त्याच्याबद्दल विचारलं, तर मी अजूनही आधी त्या सात पूर्ण पासांबद्दलच सांगते.